किल्ली कोणाकडे असावी? : लिनक्समधील मालकी, परवानगी आणि रूट



कामगार चळवळीतल्या माणसाने वेतनकरारावर बोलावे, बोनसवर बोलावे. संगणकातल्या फायलींशी त्याचा काय संबंध, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. संबंध आहे, आणि तो असा. विंडोज १० ह्या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. जुने पण धडधाकट असे कितीतरी संगणक पुढच्या विंडोजच्या अटींत बसत नाहीत. युनियनची कचेरी, पतपेढी, वाचनालय, गृहनिर्माण संस्था ह्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात : नवे यंत्र विकत घ्यावे, नाही तर जुन्यावर लिनक्स घालावे. लिनक्सला पैसे पडत नाहीत आणि त्याची घडण कोणालाही उघडून पाहता येते, म्हणून दुसरी वाट सोयीची वाटते. पण पहिल्याच आठवड्यात असे होते, की सभासदांची यादी उघडायला जावे तर फाईल मॅनेजर त्या फोल्डरवर कुलपाचे चित्र दाखवितो आणि म्हणतो, "परवानगी नाकारली." आपल्याच कचेरीत, आपल्याच यंत्रावर, आपल्यालाच मनाई! मग कोणीतरी जाणता तरुण येतो, दोन ओळी टंकतो, कुलूप नाहीसे होते आणि सारे खूश होतात. ह्या दोन ओळी कोणत्या, आणि त्यांनी कुलूप उघडले की दारच काढून टाकले, हे समजून घेणे हा आजचा विषय आहे.

आमचे शालेय शिक्षण बेताचेच. हे ज्ञान आम्ही कचेरीच्या टेबलाशी बसून, विचारून आणि वाचून मिळविले. म्हणून ते आपणांसही मिळविता येईल, ह्याबद्दल आम्हांस शंका नाही.

प्रथम ही मनाई आली कोठून ते पाहू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉमसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ही प्रणाली घडविण्यास आरंभ केला. त्या काळी संगणक महाग. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. साहजिकच कोणाचे कागद कोणी पाहावेत, कोणी बदलावेत, ह्याचे नियम प्रणालीच्या पायातच घातले गेले. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा हीच रीत त्याने उचलली. तात्पर्य, ही मनाई म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. अनेकांनी एका छपराखाली नांदण्याचा तो नियम आहे.

नियम साधा आहे. प्रत्येक फायलीला एक मालक असतो आणि एक गट असतो. उरलेले सारे 'इतर'. ह्या तिघांना प्रत्येकी तीन हक्क देता येतात : वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालविण्याचा. वाचनाला ४, लेखनाला २ आणि चालविण्याला १ असे आकडे ठरलेले आहेत. त्यांची बेरीज करून हक्क सांगतात. वर्गणीच्या वहीवर ६४० असे हक्क असतील, तर मालक असलेला खजिनदार ती वाचील व लिहील, कार्यकारिणीचा गट फक्त वाचील आणि इतरांना काहीच नाही. फाईल मॅनेजरमध्ये फायलीवर उजवी कळ दाबून गुणधर्मांच्या खिडकीत गेले, की हेच सारे 'परवानग्या' ह्या पानावर दिसते.

येथे दोन गोष्टींवर लोक हटकून अडखळतात. पहिली, फोल्डरच्या हक्कांचा अर्थ निराळा असतो. फोल्डर वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. लिहिणे म्हणजे आत नवे नाव घालणे, बदलणे किंवा काढून टाकणे. आणि 'चालविणे' म्हणजे त्या फोल्डरातून पुढे जाणे. ह्यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निघते. फाईल पुसण्याचा हक्क फायलीवरून ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावरून ठरतो. खजिनदाराच्या वहीत आपणांस एक अक्षर लिहिता येत नसेल, पण फोल्डरावर लेखनाचा हक्क असेल, तर सबंध वहीच आपण टाकून देऊ शकतो! ह्याला उपाय म्हणून 'स्टिकी' नावाची एक खूण असते. ती लावलेल्या फोल्डरात ज्याची फाईल त्यानेच पुसावी, नाही तर फोल्डराच्या मालकाने किंवा रूटने. सर्वांना खुल्या असलेल्या तात्पुरत्या फोल्डराला ती खूण मुळातच लावलेली असते.

दुसरी गोष्ट अशी, की यंत्र तिन्ही हक्क एकत्र करून पाहत नाही. तुम्ही मालक असाल तर मालकाचेच हक्क पाहिले जातात आणि तेथेच निकाल लागतो. मालक नसून गटात असाल तर गटाचे. मालकाला शून्य आणि इतरांना वाचन असे असेल, तर सारे गाव वाचील आणि मालक बाहेर उभा राहील. अर्थात मालकाला आपले हक्क बदलून घेता येतात, म्हणून हे संकट टिकत नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. समजा, चिटणीसाला सामाईक फोल्डरातील यादी उघडत नाही. अशा वेळी आम्ही चार प्रश्न क्रमाने विचारतो.

पहिला : मी कोण? टर्मिनलमध्ये 'आयडी' ही आज्ञा दिली की आपले नाव आणि आपण कोणकोणत्या गटांत आहोत ते कळते. नुकतेच गटात घातलेल्या माणसाला बहुधा तो गट येथे दिसत नाही, कारण नवा गट पुन्हा लॉग-इन केल्यावरच लागू होतो. पुष्कळ तक्रारी येथेच मिटतात.

दुसरा : वस्तू कोणाची? 'एलएस' ह्या आज्ञेला 'उणे एल' जोडले की मालक, गट आणि हक्क ओळीने दिसतात. मालकाच्या जागी 'रूट' दिसले, तर कोणीतरी रूटच्या अधिकाराने ती फाईल केली आहे असे समजावे. मालकाच्या जागी नुसता आकडा दिसला, तर ती तबकडी दुसऱ्या यंत्रावरून आली असावी. कारण तबकडीवर मालकाचे नाव नव्हे, त्याचा क्रमांक लिहिलेला असतो.

तिसरा : वाट मोकळी आहे काय? फाईल खुली असून उपयोग नाही. तिच्यापर्यंतच्या प्रत्येक फोल्डरातून पुढे जाण्याचा हक्क लागतो. वाड्यातील खोली उघडी, पण दिंडी दरवाजा बंद, अशातला हा प्रकार. उबुंटू ह्या लिनक्सच्या संचात आवृत्ती २१.०४ पासून नव्या माणसाचा होम फोल्डर इतरांना बंद असतो. म्हणून एकाच्या होममध्ये ठेवलेली सामाईक यादी दुसऱ्याला उघडत नाही. 'नेमआय' ही आज्ञा 'उणे एल'सह दिली, तर वाटेतील प्रत्येक दाराचे हक्क ओळीने दिसतात आणि कोठे अडले ते कळते.

चौथा : ही तबकडी हक्क ओळखते काय? पेन ड्राईव्हवर सामान्यतः असणाऱ्या फॅट किंवा एक्सफॅट रचनेत मालक व हक्क लिहून ठेवण्याची सोयच नाही; ते तबकडी जोडताना एकदम ठरतात. तेथे हक्क बदलण्याची खटपट व्यर्थ होय. विंडोजची तबकडी असेल आणि विंडोज पूर्ण बंद न करता अर्धनिद्रेत ठेवले असेल, तर लिनक्स ती पुष्कळदा केवळ वाचनापुरतीच उघडते. विंडोज नीट बंद करणे हाच उपाय. आणि लिनक्सची स्वतःची तबकडी अचानक केवळ वाचनाची झाली, तर ती खराब होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी रूटलाही लिहिता येत नाही. परवानगीशी झगडत न बसता आधी कागदांची नक्कल काढून घ्यावी.

हे चार प्रश्न विचारले की उपाय आपोआप लहान होतो. सामाईक कामासाठी कोणाच्याही होमबाहेर एक फोल्डर करावा, 'कार्यकारिणी' नावाचा गट करावा, फोल्डर त्या गटाचा करावा आणि त्यावर २७७० असे हक्क द्यावेत. पहिल्या २ चा अर्थ असा, की आत तयार होणारी प्रत्येक नवी फाईल त्याच गटाची होईल. तरीही गटातल्या दुसऱ्याला लिहिता येईना, तर नव्या फायलींचे मूळ हक्क ठरविणारा 'युमास्क' पाहावा. माणसाला गटात घालताना 'युजरमॉड'ला 'उणे कॅपिटल जी'बरोबर 'उणे ए' अवश्य द्यावे. ते विसरले, तर माणूस नव्या गटात जातो खरा, पण बाकीच्या जादा गटांतून निघतो. आणि तो एकटाच व्यवस्थापक असेल, तर सगळ्या यंत्राची किल्ली त्याच क्षणी हातची जाते.

आता रूटकडे येऊ. रूट म्हणजे शून्य क्रमांकाचा वापरकर्ता. फायलींचे हक्क त्याला जवळजवळ आड येत नाहीत. कारखान्यात मेन स्विचच्या खोलीची किल्ली जशी, तशी ही किल्ली. ती कायम खिशात घेऊन हिंडू नये म्हणून १९८० साली अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर ह्यांनी 'सुडो' हा कार्यक्रम लिहिला. त्याने एका आज्ञेपुरता अधिकार मिळतो, आणि कोणी, कधी, कोणती आज्ञा दिली ह्याची नोंद राहते. चळवळीतल्या माणसाला ही नोंद विशेष आवडावी. ती अधिकाराबरोबर आलेला जाब आहे.

परंतु सबंध फाईल मॅनेजरच सुडोने चालविणे ही निराळी गोष्ट. त्या खिडकीत आपण ज्या फायलीवर दोनदा टिचकी मारू, तिच्यासाठी उघडणारा कार्यक्रमही रूटच्या अधिकाराने चालतो. माऊस घसरून एखादा फोल्डर भलतीकडे पडला, तरी कोणी अडवीत नाही. शिवाय आपल्या होममधील गुप्त नोंदींच्या फायली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात, आणि मग कधी कधी पासवर्ड बरोबर देऊनही यंत्र आत घेत नाही. केडीई ह्या संचातील डॉल्फिन फाईल मॅनेजर २०१७ पासून सुडोने चालण्यास नकार देऊ लागला, तो ह्याच धोक्यांमुळे. जीनोमच्या फाईल मॅनेजरमध्ये पत्त्याच्या पट्टीत 'एडमिन', अपूर्णविराम आणि तीन तिरक्या रेघा देऊन पुढे जागा लिहिली, की पासवर्ड विचारून तेवढीच जागा उघडते. खिडकी साध्या माणसाचीच राहते. एखादी व्यवस्थेची फाईल बदलायची असेल, तर 'सुडोएडिट' तिची नक्कल आपल्या हाती देतो आणि काम संपल्यावर जागेवर ठेवतो. जेवढे काम तेवढा अधिकार, हे तत्त्व दोन्हींत आहे. होममधील फायली आधीच रूटच्या झाल्या असतील, तर 'फाइंड'ने तेवढ्याच शोधून 'चाऊन' ह्या आज्ञेने पुन्हा आपल्या नावे कराव्यात.

राहिल्या त्या तरुणाच्या दोन ओळी. त्यांतली एक पुष्कळदा 'चमॉड उणे कॅपिटल आर ७७७' अशी असते. म्हणजे सर्वांना सर्व हक्क, आतल्या सगळ्या फोल्डरांसह. ऐकायला हे मोठे समतेचे वाटते. पण वर्गणीची वही सर्वांना लिहिण्यास खुली असली, तर तीतला कोणता आकडा खजिनदाराचा आणि कोणता वाटसरूचा? आणि मौज अशी, की हीच आज्ञा चुकून सबंध यंत्राच्या मुळापासून दिली, तर सुडोच बंद पडतो. कारण सुडोच्या फायलीवर, ती चालविणाऱ्याला रूटचा अधिकार देणारी एक खास खूण असते. ७७७ तीही पुसून टाकते. दूरच्या यंत्रावर जाण्यासाठी वापरली जाणारी एसएसएच-किल्लीही फार मोकळी झाली, तर तो कार्यक्रम ती स्वीकारीत नाही. सर्वांना सर्व देता देता दुरुस्तीचा हक्कच कोणाकडे उरत नाही.

कुलपावर आंधळा विश्वासही नको. जानेवारी २०२२ मध्ये 'पीकेएक्झेक' ह्या कार्यक्रमातील एक दोष उघडकीस आला. त्यामुळे साधा वापरकर्ता रूट होऊ शकत असे, आणि तो दोष २००९ पासून तसाच होता. म्हणून सुधारणा वेळेवर घालाव्यात. तसेच, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो दुसऱ्या पेन ड्राईव्हवरून ते सुरू करून सारे वाचू शकतो. त्याला आळा तबकडी कूटबद्ध केल्यानेच बसतो, परवानग्यांनी नव्हे.

शेवटी, आम्हांस जे सांगावयाचे आहे ते यंत्रापेक्षा संस्थेविषयी अधिक आहे. सभासदांच्या याद्या, वर्गणी, तक्रारअर्ज हे सारे आता ह्या पेटीत आहे. किल्ली एकट्या जाणत्याच्या हाती राहिली, तर निवडून आलेले चिटणीस-खजिनदार नावापुरते उरतात. तो रुसला किंवा गाव सोडून गेला, की संस्था मुकी होते. आणि किल्ली सर्वांनाच वाटली, तर जबाबदार कोणीच राहत नाही. म्हणून प्रत्येक पदाधिकाऱ्याला त्याच्या नावाचे स्वतंत्र खाते द्यावे. गट पदाप्रमाणे करावेत आणि पद सुटले की माणसाला त्या गटातून काढावे. सुडोचा अधिकार दोघांना असावा, एकाला नव्हे. व्यवस्थापकाचा पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवावा आणि पाकीट कोणी व कशासाठी उघडले ते इतिवृत्तात लिहावे. हा ठराव पुढच्या बैठकीत करता येण्याजोगा आहे. त्याला खर्च काही नाही, फक्त "परवानगी नाकारली" हे शब्द दिसताच चिडण्याऐवजी "मी कोण, आणि ही वस्तू कोणाची?" एवढे विचारण्याची सवय लागते.