नळाला घाबरणारं घड्याळ

मैत्रिणींनो, आपल्या घरात चांगली वस्तू आली की तिची जागा ठरलेली असते. कपाट! पैठणी कपाटात, काचेचे कप कपाटात, पाहुण्यांच्या चादरी कपाटात. मागच्या दिवाळीत माझ्याकडे आलेलं एक घड्याळही असंच कपाटात जाऊन बसलं. ते बाहेर कसं आलं, त्याची ही गोष्ट.

माझे बाबा रिसोड तालुक्यात शिक्षक होते. त्यांच्या मनगटावर कायम फेवर ल्युबाचं घड्याळ असायचं. १७३७ सालापासूनचं हे स्विस घराणं. भारतात ते १८६५ पासून घड्याळं विकत होतं, त्यामुळे एचएमटी येण्याआधीच्या पिढीत या नावाचा मोठा मान. बाबा रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायचे. रविवारी तो मान माझा! कानाशी धरून टिकटिक ऐकायची आणि मग ते बाबांच्या हातावर बांधायचं.

बाबा गेले आणि घड्याळ भावाकडे गेलं. मुलाचंच ते, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मला कुणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. भाऊ जिवाला जीव देणारा आहे, तक्रार कशाला करायची? पण मनात ती टिकटिक राहिलीच.

कधीतरी बोलता बोलता हे मी मुलाला सांगितलं होतं. तो पुण्यात नोकरीला आहे. त्याने ते लक्षात ठेवलं. बाबांच्या घड्याळाची ती कंपनी २०११ मध्ये टाटांच्या टायटनने घेतली होती. पुढे २०२३ मध्ये ती इथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे आली आणि २०२४ मध्ये जुन्या वळणाची नवी घड्याळं बाजारात आली. त्यातलंच एक दिवाळीत त्याने माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, "आई, आजोबांचं नाही आणता आलं, पण हे त्याच घराण्यातलं आहे." किंमत लाखात आहे हे नंतर कळलं आणि माझी झोपच उडाली!

हे घड्याळ पाणबुड्यांसाठी बनतं त्या जातीचं. कंपनीने असं पहिलं घड्याळ १९६४ मध्ये काढलं होतं. तबकडीभोवती एक फिरती कडी असते. तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणली की पाण्यात उतरून किती वेळ झाला ते कळतं. ही कडी एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागलाच, तर वेळ जास्त झाल्याचं दिसतं. माणूस लवकर वर येतो, पण जीव धोक्यात येत नाही. मला तर ही अक्कल फारच आवडली.

अडचण होती ती पट्ट्याची. आजोबांच्या घड्याळासारखं दिसावं म्हणून मुलाने हौसेने तपकिरी चामडी पट्टा लावून घेतला होता. दिसायचा देखणा. पण आपलं वाशीम! चैत्र लागला की घामाच्या धारा. त्यात दिवसभर भांडी, धुणं, कणीक. दोन महिन्यांत पट्ट्यावर पांढरे डाग पडले आणि वासही येऊ लागला. मी घड्याळ मुकाट्याने डबीत ठेवून दिलं.

फोनवर मुलगा म्हणाला, "अगं, ते दोनशे मीटर खोल पाण्यात जाऊ शकतं!" मी म्हटलं, "घड्याळ जाईल रे बाबा, पट्टा नळाखालीसुद्धा जात नाही त्याचं काय?"

शेवटी पाटणी चौकातल्या एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी आधी पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधलं अंतर मोजलं. पट्टे १८, २०, २२ मिलिमीटर अशा मापांत मिळतात. माप तंतोतंत हवं. अरुंद पट्टा हलत राहतो, रुंद कोंबला तर चुरगळतो.

मग एकेक पट्टा समजावून सांगितला. चामडं लग्नाकार्याला, हिवाळ्यात. त्याला पाणी लावायचं नाही, घाम पुसून वाऱ्यावर ठेवायचं. स्टीलची चेन टिकाऊ, कड्या काढून हवी तेवढी लहान करता येते. पण जड होते आणि बांगड्यांवर घासते. रबर पाण्याला उत्तम. सिलिकॉन मऊ, पण धूळ आणि धागे धरून ठेवतं. आणि नायलॉनची पट्टी. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये सैनिकांसाठी ठरवलेल्या पट्ट्यावरून हा प्रकार लोकप्रिय झाला. ही अखंड पट्टी घड्याळाखालून, दोन्ही पिनांमधून ओवलेली असते. एक पिन तुटली तरी घड्याळ हातातून पडत नाही. साबणाने धुवा, वाळवा, परत घाला.

मी काळी नायलॉनची पट्टी घेतली. दोन-तीनशे रुपयांचं काम! चामडी पट्टा लग्नासाठी ठेवला. काकांनी पिनाही नव्या टाकल्या आणि बजावलं, "ताई, चावी नीट फिरवून बंद असल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. आतली रबरी वॉशर दोन-तीन वर्षांनी तपासून घ्या. आणि बांधताना करकटून बांधू नका, उन्हाळ्यात मनगट फुगतं."

आता ते रोज माझ्या हातात असतं. फिरती कडी कुकरसाठी उपयोगी पडते, बचत गटाच्या बैठकीतही. प्रत्येकीला बोलायला पाच मिनिटं, खूण लावून. पहिल्याच बैठकीत एक जण म्हणाली, "काहून वो ताई, एवढं जाडजूड घड्याळ? भाऊचं घालून आल्या का?"

मी पटकन म्हणाले, "नाही गं, माझं आहे."

बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. बाबांच्या घड्याळाबद्दल हे दोन शब्द मला कधी म्हणता आले नव्हते. मुलाने लाखाचं घड्याळ दिलं खरं, पण ते माझं झालं त्या अडीचशेच्या पट्टीमुळे. कारण ती घालून मी माझं रोजचं काम करू शकते.

सख्यांनो, तुमच्याही कपाटात अशी एखादी वस्तू असेल. वडिलांचं घड्याळ, आईची शाल, मुलीने पाठवलेली पर्स. ती बाहेर यायला कदाचित एक साधा पट्टाच कमी असेल. या रविवारी कपाट उघडून बघा तर खरं!