आधीं आईची मांडी

गेल्या हिवाळ्यांत आमच्या मनमाडच्या घरीं एक सून सहा आठवडे राहून गेली. माझ्या पुतण्याची ही पत्नी जन्मानें इटालियन. दोघांचा संसार मिलान शहरीं. नाशिकच्या एका संस्थेंतील पांच वर्षांची मुलगी त्यांनीं दत्तक घेतली. पुतण्याची रजा दोन आठवड्यांत संपली आणि तो परत गेला. कागदपत्रें हातीं येईपर्यंत सूनबाई व मुलगी आमच्याजवळ राहिल्या. त्या दिवसांत आमच्या बारा माणसांच्या घरानें जो धडा घेतला, तो एकत्र कुटुंबांतील वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

एवढा खोळंबा कशासाठीं, असें आमच्याही घरांत सर्वांनीं विचारलें. त्यास सबळ कारण आहे. परदेशीं दत्तक जाणाऱ्या मुलांच्या बाबतींत गैरप्रकार होतात, अशी तक्रार करणारें पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयास लिहिलें. त्यावरून १९८४ सालीं न्यायालयानें सविस्तर नियम घालून दिले. पुढें १९९३ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय करारास भारतानें २००३ सालीं मान्यता दिली. मुलासाठीं आधीं देशांतील कुटुंब पाहावयाचें, तें न मिळाल्यास परदेशांतील, हें त्यांतलें मुख्य सूत्र. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचें ना-हरकत पत्र, मग दत्तकाचा हुकूम, मग जन्माचा दाखला, पारपत्र आणि व्हिसा, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. हा हुकूम पूर्वीं न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. मूल परदेशीं पोंचल्यावरही दोन वर्षें त्याच्या क्षेमकुशलाचे अहवाल येथें पाठवावे लागतात. मूल म्हणजे टपालाचें पुडकें नव्हे. तेव्हां ही सावधगिरी योग्यच.

सूनबाईंचा दिवस पहांटे गाड्यांच्या आवाजानें सुरू होई. मनमाडकरांस पाण्याची टंचाई पिढीजात ठाऊक. नळास पाणी आलें कीं पिंपें, हंडे, बादल्या भरण्यास तीही पदर खोचून उभी राही. एका बादलींत स्वतःचें व मुलीचें स्नान उरकावयास ती शिकली. मऊ भात, मेतकूट, ज्वारीची भाकरी दुधांत कुस्करून द्यावयाची रीत, सारें तिनें पाहून घेतलें. एका वहींत ती रोमन लिपींत मराठी शब्द लिही. प्रथम मला वाटलें, भाज्यांचीं नांवें असतील. पाहतें तों त्यांत होतें: भूक, शू, दुखतंय, भीति वाटते, जवळ घे.

परंतु मुलगी तिच्या जवळ जाईना. तिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, आणि घरांत मराठी बोलणारीं अकरा माणसें तिला कडेवर घेण्यास टपलेलीं! थोरल्या जाऊबाई भरवीत, मुलें खेळवीत, आणि रात्रीं ती माझ्या कुशींत शिरून निजे. खोटें कशाला सांगूं, मला त्याचा अभिमान वाटे. एके रात्रीं पाणी पिण्यास उठलें, तों सूनबाई गच्चीवर एकटी रडत बसलेली दिसली. मी जवळ गेलें. ती म्हणाली, "काकू, ती माझ्याबरोबर येईल, पण मग तुमच्यासाठीं रडेल."

दुसऱ्या दिवशीं संस्थेंतील समाजसेविकेस आम्हीं फोनवर विचारलें. त्यांनीं सौम्यपणें पण स्पष्ट सांगितलें: अशा मुलास आजवर पुष्कळ हातांनीं वाढविलेलें असतें. आतां त्याला एकच हात ओळखूं द्यावा. निदान कांहीं महिने खाणें, न्हाणें, निजणें हें सारें आईबापांच्याच हातून व्हावें. इतरांनीं बोलावें, हंसावें. पण मुलाला त्याच्या आईकडे पाठवावें.

ऐकावयास सोपें, आचरावयास फार कठीण! जाऊबाई दोन दिवस अबोल होत्या. मुलगी माझ्याकडे धांवत आली कीं मी हात मागें बांधून म्हणें, "आई बघ तिथें." तेव्हां तिचे डोळे भरून येत आणि माझेही.

आठवड्यानें त्या दोघींनाच गुप्तसर गुरुद्वाऱ्यांत लंगरास धाडलें. मी मागाहून गेलें व लांबच बसलें. त्या अनोळखी पंगतींत वाढलेली डाळ कढत होती. मुलीनें इकडे-तिकडे पाहिलें, आणि आपली थाळी आईपुढें सरकविली. आईनें फुंकर घालून डाळ निवविली. एवढेंच झालें. मला आनंद झाला, आणि कुठेंसें दुखलेंही.

दत्तकाची चाल आपणांस नवी नाहीं. जवळच्या मालेगांव तालुक्यांतील कवळाणे गांवचा बारा वर्षांचा गोपाळ २७ मे १८७५ रोजीं महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. गादीस वारस हवा होता, नांवही बदललें. आपल्या घरांतूनही वंशासाठीं, पिंडासाठीं दत्तक घेत. तेथें घराला मूल हवें असे. येथें मुलाला घर हवें आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयाशीं निगडित श्रीवत्स संस्थेंतून १९७९ सालीं एका दांपत्यानें नेलेली तान्ही मुलगी पुढें ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू लिसा स्थळेकर झाली. तान्ह्या मुलाजवळ हरवावयास शब्द नसतात. पांच वर्षांच्या मुलाजवळ मात्र भाषा असते, चव असते, नांव असतें. सूनबाईंनीं मुलीचें नांव बदललें नाहीं.

ज्या घरीं दत्तक मूल येईल, तेथील आजी, काकू, आत्या यांस माझें एवढेंच सांगणें: तुमची माया खरी आहे, पण कांहीं दिवस ती आईच्या हातून पोंचवा. मूल एकदां एका मांडीवर निर्धास्त बसलें, म्हणजे सगळें घर त्याचेंच आहे.

व्हिसा आल्यावर पंचवटी एक्सप्रेसनें त्या मुंबईस निघाल्या. मेतकुटाचा डबा मीं खिडकींतून आईच्या हातीं दिला, मुलीच्या नव्हे. मुलीनें आईच्या मांडीवरूनच मला हात हलविला. उठून आली नाहीं. तें पाहून मी समाधानानें घरीं परतलें.