पॅरिस ते इस्तंबूल : अमेरिकन लेखकाची नगरनिवड
हेमिंग्वे १९२१ मध्ये पॅरिसला गेला, त्यामागे फ्रँकच्या तुलनेत वधारलेला डॉलर हे एक रोकडे कारण होते. वाङ्मयेतिहासकार त्याला उगाच दुय्यम लेखतात. रिचर्ड राइट (१९४७) आणि जेम्स बॉल्डविन (१९४८) यांनी तेच नगर निवडले, ते वर्णद्वेषापासून सुटकेसाठी. परंतु पॅरिसमधील अल्जीरियनांची अवस्था पाहिलेल्या बॉल्डविनने पुढे ‘नो नेम इन द स्ट्रीट’मध्ये (१९७२) नोंदविले की, आपल्याला तेथे संरक्षण होते ते अमेरिकन पारपत्राचे. नगराच्या औदार्याचा प्रश्न येथे नागरिकत्वाचा होतो. त्याची ‘अनदर कंट्री’ ही न्यूयॉर्ककेंद्री कादंबरी १९६१ च्या डिसेंबरात पूर्ण झाली, ती इस्तंबूलमध्ये. तसा स्थलनिर्देश तिच्या अखेरीस आहे.