भागीदारीपत्र आणि वकिलाची निवड

दोन मैत्रिणी मिळून मसाल्यांचा व्यवसाय सुरू करतात, असे समजा. एकीने तीन लाख रुपये घातले. दुसरी दिवसभर राबणार. ‘पैशाचे नंतर पाहू’, असे दोघी म्हणतात. विश्वासापोटी उच्चारलेले हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने मौनच होय आणि ते मौन कायदा आपल्या शब्दांनी भरून काढतो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील कलम १३ नुसार, वेगळा करार नसल्यास नफा-तोटा समसमान वाटला जातो आणि राबणाऱ्या भागीदारास कामाचे वेतन मागता येत नाही.

म्हणून वकील निवडताना केवळ शुल्क विचारू नका. भागीदारीपत्रे तयार करण्याचा त्यांना कितपत अनुभव आहे, हेही विचारा. छापील नमुन्यातील रिकाम्या जागा भरणे सोपे असते. भांडवल, वेतन, उचल, मतभेद आणि निवृत्ती यांविषयी अवघड प्रश्न विचारणारे वकील अधिक उपयोगी ठरतात. ते एकीचेच जुने सल्लागार असतील, तर दुसरीने मसुदा स्वतंत्र वकिलांना दाखवावा. नोंदणीचाही विषय काढा. नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातील हक्कांसाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही (कलम ६९).

सही करण्यापूर्वी मसुदा मोठ्याने वाचा. ‘योग्य मोबदला’, ‘वाजवी मुदत’ अशा शब्दांपाशी थांबा. योग्य म्हणजे किती आणि ते कोणी ठरवायचे? याचे उत्तर मैत्री शाबूत असतानाच लिहून ठेवावे.