परभणीच्या कृषी विद्यापीठाला कोणी काय दिले

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा इतिहास सांगायला बसले की 18 मे 1972 या तारखेपासून सुरुवात होते. त्या दिवशी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच दिवशी दापोलीला कोकणचेही झाले. राहुरी आणि अकोला त्याआधीची, 1968 आणि 1969 ची. पुढे 2013 साली वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने परभणीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले आणि ‘मकृवि’चे ‘वनामकृवि’ झाले. एवढा इतिहास कुठल्याही माहितीपत्रकात मिळतो. पण हे सगळे कोणाच्या पैशावर, कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या विश्वासावर उभे राहिले, असा प्रश्न घेऊन मागे गेले, तर 1972 च्याही अर्धशतक मागे गेल्याशिवाय थांबता येत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टातल्या आवारात उभे राहिले की देणगीदारांची नावे दगडातच दिसतात. प्रेमचंद रायचंदांच्या पैशातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर झाला, कावसजी जहांगीरांच्या पैशातून दीक्षांत सभागृह झाले. नागपूरला रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली संपत्ती विद्यापीठाला दिली आणि 1942 साली त्यांच्या नावाची तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. परभणीच्या आवारात असे एकही मोठे नाव नाही. त्यावरून मराठवाड्यात दानतच नव्हती, असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि थोडा अन्यायकारकही.

निजामाच्या राजवटीत, 1918 साली, परभणीला शेतीचे प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. कापूस हे त्याच्या कामाचे मुख्य पीक. नांदेड-परभणीचा गावरानी कापूस त्या काळी देशी कापसातला चांगल्या प्रतीचा मानला जाई, आणि त्यात हलक्या कापसाची भेसळ होऊ नये म्हणून हैदराबाद संस्थानाने कायदेही केले होते. या संशोधनाला संस्थानाच्या तिजोरीबरोबर आणखी एक आधार होता. 1923 च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीमागे काही आण्यांचा उपकर बसवला गेला. हा पैसा भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडे जमा होई आणि तिथून देशभरच्या कापूस संशोधनाला अनुदाने जात. कागदोपत्री उपकर गिरणीवाला आणि निर्यातदार भरत. पण आडतीवर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावातून तो वळता होत असणार, हे कापूस विकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणजे परभणीच्या कापसावर झालेल्या संशोधनाचा पहिला वर्गणीदार कापूस पिकवणारा शेतकरीच होता. त्याने पावती मागितली नाही, कारण आपण वर्गणी देतो आहोत हेच त्याला ठाऊक नव्हते. 1960 च्या दशकाच्या मध्यावर ही समिती बरखास्त झाली आणि तिचे काम भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेले.

परभणीचे महेबूब बाग कापूस संशोधन केंद्र त्या परंपरेतले. देशी कापसाचा धागा आखूड, म्हणून गिरण्यांनी तो नाकारला आणि संकरित वाणांनी, नंतर बीटीने, त्याला शेतातूनही हटवले. तरी या केंद्रातल्या पैदासकारांनी देशी कापसाचे काम सोडले नाही. धाग्याची लांबी वाढवलेले ‘परभणी तुराब’सारखे देशी वाण त्यांनी दिले. ज्या पिकाला बाजारात मागणी राहिली नव्हती त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम करत राहणे कोणत्याही बियाणे कंपनीला परवडले नसते. आज कोरडवाहू शेतीत कमी खर्चाच्या कापसाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, तेव्हा हातात दाखवायला काहीतरी आहे ते या चिकाटीमुळे.

परक्या दानाचा एक धागा तर फार लांबून परभणीपर्यंत आला. अँड्र्यू कार्नेगीचे भागीदार हेन्री फिप्स यांनी लॉर्ड कर्झनच्या हाती 30,000 पौंड दिले आणि त्यातून 1905 साली बिहारमधल्या पुसा या गावी शेती संशोधनाची संस्था उभी राहिली. 1934 च्या भूकंपात ती इमारत पडली, संस्था दिल्लीला आली, पण पुसा हे नाव सोबत आले. त्याच संस्थेने पुढे ‘पुसा सावनी’ ही भेंडी काढली. देशभर ती पिकली. मात्र सत्तरच्या दशकापर्यंत हळद्या रोगापुढे तिने हात टेकले. पांढरी माशी हा रोग पसरवते; पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, फळही पिवळट आणि निबर निघते, आणि बाजारात ते कोणी हाती धरत नाही.

परभणीला एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’चा संकर भेंडीच्याच कुळातल्या, पण वेगळ्या प्रजातीच्या झाडाशी केला. त्या प्रजातीत रोग पचवण्याची ताकद होती. अडचण अशी की दोन प्रजातींच्या संकरातून निघालेली झाडे बहुधा वांझ निघतात. मग पुन्हा पुन्हा मूळ भेंडीशी संकर करायचा, थोडे बी धरणारी झाडे शोधायची, त्यांतून निरोगी निवडायची, परत पेरायची. या कामाला वर्षे लागली. 1985 साली ‘परभणी क्रांती’ प्रसारित झाली. परभणीचे नाव देशातल्या भाजीवाल्यांपर्यंत जर कशाने पोचले असेल तर या भेंडीने. ती सरळ वाण असल्याने शेतकऱ्याला घरचे बी धरता आले, आणि अनेक कंपन्यांनी ते आपापल्या पाकिटांत भरून विकले. वाणांच्या हक्काचा कायदा आपल्याकडे 2001 साली आला. तोवर हा वाण सगळ्यांचा होऊन गेला होता. विद्यापीठाने काय घेतले याचा हिशेब लेखापरीक्षणात दरवर्षी होतो. त्याने काय दिले याचा हिशेब कोणी मांडला असता तर या एका भेंडीने त्यातले एक मोठे पान भरले असते.

संकरित ज्वारीचीही अशीच गोष्ट. रॉकफेलर प्रतिष्ठानने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतातल्या मका आणि ज्वारीच्या सुधारणेला मनुष्यबळ आणि पैसा पुरवला. 1964 साली सीएसएच-1 हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि मराठवाड्याच्या खरिपात त्याला ‘हायब्रीड’ याच नावाने लोकांनी ओळखले. वसंतराव नाईकांनी त्याचा प्रचार गावोगाव केला. त्याची भाकरी जुन्या ज्वारीसारखी लागत नाही, ही तक्रार जुनी माणसे शेवटपर्यंत करत राहिली. पण 1972 च्या पावसाळ्यात पाऊस आला नाही आणि गावेच्या गावे खडी फोडायला, नालाबांध घालायला दुष्काळी कामांवर गेली, सुकडीवर जगली. तेव्हा कमी दिवसांत येणाऱ्या वाणांची किंमत लोकांना वेगळ्या तऱ्हेने कळली. कृषी विद्यापीठ जन्माला आले ते नेमके त्या वर्षी.

आता जमिनीबद्दल. परभणीला शेतकी महाविद्यालय 1956 पासून होते, पण विद्यापीठाला प्रक्षेत्र हवे होते, बीजोत्पादनाला सलग शिवार हवे होते. ती जमीन शहराभोवतालच्या गावांतल्या शेतकऱ्यांची संपादित झाली. बलसा हे गावाचे नाव आज विद्यापीठाच्या प्रक्षेत्राच्या एका भागाला आहे. गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी, कसदार जमीन. तिला देणगी म्हणणे खोटेपणाचे ठरेल. संपादन ही सक्ती असते आणि मोबदला त्या काळच्या दराने मिळतो. अमेरिकेत एझ्रा कॉर्नेल यांनी 1865 साली पाच लाख डॉलरबरोबर आपले स्वतःचे शेत दिले, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाने त्यांचे नाव लावले. परभणीच्या शेतकऱ्याने शेत दिले ते नोटिशीवर सही करून. त्याच्या वारसांची ओळख ‘प्रकल्पग्रस्त’ अशी झाली आणि नोकरीसाठी त्यांनी विद्यापीठाच्याच दारात धरणे धरली, उपोषणे केली. या विद्यापीठाला आजवर सर्वांत मोठे देणे कोणी दिले, असे मला कोणी विचारले तर मी या कुटुंबांकडे बोट दाखवीन. आणि विद्यापीठाकडून सर्वांत जास्त परतफेड कोणाची करायची राहिली, असे विचारले तरी माझे बोट तिथेच जाईल.

1972 नंतरची दोन-अडीच दशके सरकारी पैशाची. वेतन राज्य सरकारचे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत 75 टक्के केंद्राचे आणि 25 टक्के राज्याचे. ही व्यवस्था चांगली होती, तिने नांदेडच्या केंद्रातून ‘एनएचएच-44’सारखा कपाशीचा संकर दिला, बदनापूरहून तुरीचे ‘बीएसएमआर’ वाण दिले. पण अनुदानाचा मोठा वाटा पगारातच जाऊ लागला, निवृत्तांच्या जागा भरल्या जाईनात, आणि प्रयोगाला लागणारा सुटा पैसा आटत गेला. पैदासकाराला ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी, मजुरांच्या रोजासाठी अर्ज करत बसावे लागते तेव्हा पेरणीची तिथी त्याच्यासाठी थांबत नाही.

या काळात विद्यापीठाला टेकू दिला तो पुन्हा शेतकऱ्याने, रोख पैसे मोजून. दरवर्षी 18 मे च्या खरीप मेळाव्याला आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी होणाऱ्या रब्बी मेळाव्याला, बियाण्यासाठी रांगा लागतात. सोयाबीनचे ‘एमएयूएस’ वाण, तूर, रब्बी ज्वारीची ‘परभणी मोती’. पिशवी पाठीवर टाकून माणसे जिंतूर, गंगाखेड, सेलू, अगदी जालना-हिंगोलीकडे परततात. 2005-06 पासून केंद्राच्या बियाणे प्रकल्पात फिरत्या निधीची सोय झाली, म्हणजे विक्रीचा पैसा पुन्हा बीजोत्पादनातच घालता येतो. अलीकडच्या वर्षांत पडीक राहिलेली बरीच जमीन वहितीखाली आणून हे उत्पादन वाढवले गेले, ही मला मनापासून आनंद देणारी गोष्ट वाटते. रांगेतला माणूस दान करत नाही, सौदाच करतो. पण बाजारात शंभर कंपन्यांची चकचकीत पाकिटे असताना तो उन्हात उभा राहून विद्यापीठाची साधी पिशवी घेतो, यात विश्वासाचे जे भांडवल आहे ते कुठल्याही देणगीपेक्षा मोठे आहे.

संघटित देणगीचा विचार परभणीत फार उशिरा आला. दीक्षांत समारंभातली सुवर्णपदके, माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे, एखाद्या तुकडीने वसतिगृहाला दिलेली वस्तू, असे काम बहुतेक सरकारी विद्यापीठांत चालते. त्यापुढे जायला कायद्याने 2019 साली दार उघडले. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्या यादीत सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांच्या संशोधनाचा स्पष्ट समावेश झाला. तरी तो पैसा आपोआप परभणीला येत नाही. तो ओळखीने, जवळिकीने आणि नीट मांडलेल्या प्रस्तावाने येतो.

मुंबईत दोन बातम्या दोन वर्षांच्या अंतराने आल्या. 2023 च्या जून महिन्यात नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईला 315 कोटी दिले आणि 2025 च्या जून महिन्यात मुकेश अंबानींनी आपले गुरू प्रा. एम. एम. शर्मा यांच्यासाठी गुरुदक्षिणा म्हणून रसायन तंत्रज्ञान संस्थेला 151 कोटी. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा उपकेंद्र परभणीच्या शेजारी, जालन्याला आहे, म्हणून ही बातमी इकडेही आवडीने वाचली गेली. पण ते उदाहरण परभणीला जसेच्या तसे लागू होणार नाही. इथून पदवी घेऊन निघालेली मुले कृषी अधिकारी झाली, बँकेत गेली, तहसीलदार-उपजिल्हाधिकारी झाली, बियाणे आणि खतांच्या कंपन्यांत गेली, कितीतरी जण गावी परतून शेती करू लागले. अब्जाधीश त्यांत शोधू नयेत. त्यांची संख्या मात्र मोठी आहे, मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात ती आहेत, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाने शिकलेल्या महाराष्ट्राला थोड्याथोड्यातून संस्था कशी उभी राहते हे कोणी शिकवायला नको.

2015 च्या दुष्काळात नाम फाउंडेशनने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींना 15,000 रुपयांची मदत देण्यापासून काम सुरू केले, तेव्हा देशविदेशातून मराठी माणसांनी पैसे पाठवले. पुढे पाणी फाउंडेशनच्या शेतीशाळांत कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना शिकवू लागले. म्हणजे मराठवाड्याच्या शेतीसाठी दान देण्याची इच्छा आहे, आणि विद्यापीठाच्या ज्ञानाला किंमतही आहे. या दोहोंची गाठ विद्यापीठाच्या आवारात पडत नाही, हे मला सलते. दात्याला संकट दिसते तेव्हा तो देतो. भेंडीच्या संकराची सहावी पिढी त्याला दिसत नाही, कारण ती त्याला कोणी दाखवलीच नाही.

म्हणून विद्यापीठाने मागायला शिकावे, आणि मागण्याआधी हिशेब मांडावा. एका पिकाचा एक निधी काढावा: महेबूब बागेच्या देशी कापसाचा, रब्बी ज्वारीचा, लाल कंधारी आणि देवणी गुरांचा. त्यात किती आले, कोणत्या हंगामात कशावर खर्च झाले, किती ओळी पेरल्या, किती बाद झाल्या, हे ‘शेतीभाती’ मासिकात दरवर्षी छापावे. बाद झालेल्या ओळीही छापाव्यात; शेतकऱ्याला दुबार पेरणी ठाऊक असते, अपयशाने तो दचकत नाही. दात्याला आठ-दहा वर्षे थांबावे लागेल हे पहिल्याच पत्रात सांगावे. आणि पहिला निधी जमला की त्यातली पहिली शिष्यवृत्ती, कोणत्याही गुणवत्ता यादीआधी, ज्यांच्या शेतावर हे प्रक्षेत्र उभे आहे त्या कुटुंबांतल्या कृषी शिकणाऱ्या मुलामुलींना द्यावी.