चाकाच्या बुटांवरून बसस्टॉपपर्यंत

"ताई, डॉक्टर तं म्हणे हाड ठीक आहे. मंग दुखून काहून राहिलं?"

आमच्या नागपूरच्या वस्तीतली ही मुलगी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे. उजवा हात डाव्या हाताने सावरत दारात उभी होती. पडून तीन आठवडे झाले होते. पडली कशावरून, तर स्केट्सवरून. एका ओळीत चार चाकं असलेले ते बूट, ज्यांना इनलाइन स्केट्स म्हणतात.

मला आधी रागच आला. घरात दोन वेळच्या भाजीचा हिशेब आणि हिला स्केटिंग सुचतं! पण तिने सांगितलं ते ऐकल्यावर मी गप्प बसले. घरापासून बसस्टॉप दोन किलोमीटर. पायी पंचवीस मिनिटं. शेअर ऑटोला रोजचे जाऊन-येऊन पैसे, आणि सकाळी ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. सायकल होती, ती भावाने कामावर नेली. दुसरी घेतली असती तर स्टॉपवर ठेवायची कुठे? कुलूप लावूनही आमच्याकडून दोन सायकली गेल्या आहेत. एका काकूंनी कामाच्या घरून मिळालेले जुने स्केट्स तिला दिले. ती म्हणाली, "ताई, हे काढले की बॅगेत जातात. बसमधे मांडीवर घेऊन बसते." तिच्या बोलण्यात मला काही चूक दिसली नाही. चूक एकच होती. बूट मिळाले, पण त्यांच्यासोबत हातात घालायचे गार्ड मिळाले नव्हते.

मी तिला अंगठा वर ताणायला सांगितलं. तुम्हीही करून बघा. अंगठा ताणला की मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी दोन शिरांमधे एक खळगा पडतो. डॉक्टरी पुस्तकात त्याला तपकिरीची डबी म्हणतात. त्या खळग्यात मी हलकंसं दाबलं तर पोरगी कळवळली. मनगट फार सुजलेलं नव्हतं, बोटं हलत होती, म्हणून घरच्यांना वाटलं मुरगळलंय. पण पडल्यानंतर या खळग्यात दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं, होडीच्या आकाराचं छोटंसं हाड तुटल्याची शंका घ्यायची असते. आणि या हाडाची खोड अशी की पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत त्याची चीर पुष्कळदा दिसतच नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो, तोवर हात पट्टीत किंवा प्लास्टरमधे स्थिर ठेवावा लागतो. हे तिला त्या दवाखान्यात कोणी सांगितलं नाही. क्रेप बँडेज दिलं, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. गर्दीच्या ओपीडीत मीही कामं केली आहेत, एका पेशंटला दोन मिनिटंही मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण "दुखणं राहिलं तर दोन आठवड्यांनी परत ये" हे वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात.

मधल्या काळात आजीने तिला चोळणाऱ्याकडे नेलं. त्याने तेल लावून, ओढून, कचकन वाजवून "नस बसवली". तुटलेल्या हाडाला चोळू नका, हे मी या पानावर आधीही लिहिलंय, आज पुन्हा लिहिते. स्कॅफॉइडला रक्त एका टोकाकडून येतं. मधे चीर पडली की दुसऱ्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्यामुळे ते जुळायला वेळ लागतो, आणि हलवत राहिलं तर जुळतच नाही. मग ऑपरेशन, किंवा जन्मभराचं दुखरं मनगट. इलेक्ट्रिशियन होऊ बघणाऱ्या मुलीच्या उजव्या हाताची ही गोष्ट आहे.

दुसऱ्या एक्स-रेत चीर स्पष्ट दिसली. दहा आठवडे प्लास्टर. प्रॅक्टिकल बुडाले, पक्कड धरता येईना. हाड जुळलं, हे नशीब म्हणायचं नाही, वेळेत सापडलं म्हणून जुळलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिची आई मला म्हणाली, "सिस्टर, ते बूट मी भंगारवाल्याला देऊन टाकते." पोरगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "थांबा थोडं."

का थांबा म्हटलं ते सांगते. १९९६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्केटिंग करताना पडून इस्पितळात आलेल्यांची पाहणी होती ती. सगळ्यात जास्त मार मनगटालाच, साधारण तीनातल्या एकाला. आणि ज्यांनी मनगटाचे गार्ड घातले नव्हते, त्यांना मनगटाला इजा होण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या सुमारे दहापट. म्हणजे बूट देऊन टाकायची गरज नव्हती, गार्ड आणायची गरज होती. मनगटाच्या गार्डमधे तळव्याखाली कडक प्लॅस्टिकची पट्टी असते. माणूस पडताना हात पुढे टेकतोच, ते आपल्या हातात नसतं. उघडा तळवा जमिनीला चिकटतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. पट्टी असली की हात घसरत पुढे जातो, मनगट मागे मोडत नाही. हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड हेही हवेतच. पण पैसे कमी असतील तर काय आधी घेऊ असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड. तोवर चाकं फिरवायची नाहीत.

मग आम्ही विहारासमोरच्या फरशीच्या अंगणात शिकायला लागलो. आम्ही म्हणजे ती, तिच्या मागे लागलेली चार पोट्टी, आणि चव्वेचाळीस वर्षांची मी. माझ्या मापाचे बूट उसने मिळाले. वस्तीतल्या बायकांची चांगली करमणूक झाली.

या बुटांची जुनी कथा मला फार आवडते. सतराशे साठच्या दशकात लंडनमधे जॉन जोसेफ मर्लिन नावाचा वाद्यं बनवणारा कारागीर होता. चाकांचे बूट त्याने बनवले, ते घालून व्हायोलिन वाजवत तो मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्याने महागड्या आरशावर जाऊन आदळला, असं सांगतात. पुढे १८६३ मधे जेम्स प्लिम्प्टनने दोन पुढे दोन मागे अशा चाकांचे स्केट्स काढले. एका ओळीतल्या चाकांना पुन्हा दिवस आले ते १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या स्कॉट ओल्सनला उन्हाळ्यातही सराव करायचा होता. या सगळ्यात आपल्या कामाचा धडा मर्लिनचाच: आधी थांबायला शिका.

उभं राहायची रीत अशी. टाचा जवळ, चवडे बाहेर. गुडघे वाकवायचे, इतके की खाली बघितलं तर पायाची बोटं गुडघ्यामागे लपली पाहिजेत. हात पुढे, नजरेसमोर. ताठ उभं राहिलं की माणूस मागे पडतो, आणि मागे पडणं सगळ्यात वाईट, माकडहाड आणि डोकं दोन्ही धोक्यात. पहिल्या दिवशी गवतावर किंवा जुन्या सतरंजीवर नुसतं बदकासारखं चालायचं. मग पडायला शिकायचं. हो, मुद्दाम. खाली बसत गुडघ्याच्या पॅडवर टेकायचं, मग कोपर, मग तळवे, बोटं वर उचललेली. पंधरा-वीस वेळा पडलं की भीती मोडते. पुढे जायला पाय मागे नाही, बाजूला ढकलायचा. हे कळायला मला चार दिवस लागले, पोट्ट्यांना अर्धा तास.

ब्रेक बहुतेक उजव्या बुटाच्या टाचेमागे असतो, रबराचा तुकडा. तो पाय पुढे सरकवायचा, चवडा उचलायचा आणि खुर्चीवर बसल्यासारखं वजन खाली टाकायचं. जागच्या जागी थांबत नाही, काही फूट लागतातच, म्हणून आधीपासून सुरुवात करायची. जुने बूट घेताना हे रबर आहे का, झिजून सपाट झालंय का, ते बघा. पुष्कळ जुन्या जोड्यांवर ते काढून टाकलेलं असतं. बूट घट्ट हवा, टाच आत उचलली जाता कामा नये. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठा बूट घेणं शाळेच्या बुटाला चालतं, इथे नाही. घोटा लचकतो.

रस्त्याचं म्हणाल तर आमच्याकडे सिमेंटचे रस्ते झाले हे सोयीचं, पण दोन स्लॅबमधल्या फटीत चाक अडकतं. फट आडवी ओलांडायची, एक पाय पुढे ठेवून. गट्टूंवर दात खुळखुळतात. गिट्टी, नालीची जाळी, आणि ओला रस्ता, तिथे बूट काढून हातात घ्यायचे. पावसात तर नकोच, ब्रेक धरत नाही आणि चाकातले बेअरिंग गंजतात. ट्रक-बसच्या मोठ्या रस्त्यावर स्केट्सवर जाऊ नका. ही माझी अट आहे, तिला पण आणि तुम्हाला पण. फुटपाथ असता तर वेगळं बोलले असते. कुत्रे चाकाच्या आवाजाने मागे लागतात. पळायचं नाही, थांबून उभं राहायचं. चावलंच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

खरचटलं तरी साबण-पाणीच. हळद, चुना, टूथपेस्ट नको. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते नर्सला सांगा. मनगट किंवा हात वाकडा दिसला तर सरळ करायला जाऊ नका. जाड पुठ्ठ्याचा आधार द्या, ओढणीने गळ्यात अडकवा, अंगठी-बांगड्या लगेच काढा. पट्टी बांधल्यावर बोटं निळी किंवा बधिर झाली तर ती सैल करा.

आपल्या विदर्भातल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये. दमछाक, ऊन आणि अंगातलं पाणी कमी होणं यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. नुसते वाहक असणाऱ्यांना बहुधा अडचण नसते, तरी पाणी जवळ ठेवा आणि मधे मधे थांबा. मे महिन्यात कुणीच सकाळी आठनंतर नको. गरोदर बायकांनी नको. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायांनीही नको. बाकीच्यांच्या मांड्या, कंबर आणि दम यांना व्यायाम चांगला होतो, आणि धावण्यापेक्षा गुडघ्याला हादरे कमी बसतात.

"हा श्रीमंतांचा खेळ" असं शेजारच्या काका म्हणाले. २०२३ मधे हांगझौच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर रिलेत भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं, मुलांनीही मिळवलं. मुलांच्या त्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावं होती. काकांना मी मोबाईलवर फोटो दाखवला. ते म्हणाले, "बरं." पण आमच्या पोरीला पदक नको आहे, तिला सव्वासातची बस हवी आहे.

तिची आई दोन महिने रोज पहाटे अंगणाच्या पायरीवर बसून बघत होती. आता पोरगी वस्तीच्या आतल्या रस्त्याने मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत स्केट्सवर जाते, दहा मिनिटांच्या आत. पानठेल्याजवळच्या ओट्यावर बसून बूट काढते, बॅगेतून चप्पल काढते आणि उरलेलं चालते. मनगटाचे गार्ड सगळ्यात शेवटी काढायचे, हा नियम आईने लावलाय. परवा आईने मला हळूच विचारलं, तिच्या मापाची जोडी कुठे मिळेल का. तिला मी आधी हाडांची तपासणी करायला सांगितली आहे.