एग बाइट्स

एग बाइट्स हा फेटलेल्या अंड्यांत चीज, भाज्या किंवा मांसाचे तुकडे घालून लहान साच्यांत शिजवला जाणारा अमेरिकी खाद्यपदार्थ आहे. २०१७ मध्ये स्टारबक्सने अमेरिकेत तो विक्रीस आणल्यानंतर त्याची लोकप्रियता वाढली. दुपारच्या डब्यासाठी तो घरीही आगाऊ करून ठेवतात.

कृती

अंडी व कॉटेज चीज मिक्सरमध्ये एकजीव करून मिश्रण तेल लावलेल्या मफिनच्या साच्यांत ओततात. पालकासारख्या पाणी सुटणाऱ्या भाज्या आधी परतून घेतात. साचा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजतात. अंड्यातील प्रथिने साधारणतः ६२ ते ७० अंश सेल्सियसला घट्ट होतात. आच तीव्र असल्यास ती आकसून पाणी सोडतात व पदार्थ चिवट होतो; पाण्यामुळे उष्णता मर्यादित राहते.

साठवण

साल्मोनेला जिवाणूंच्या नाशासाठी पदार्थाच्या मध्यभागाचे तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. शिजलेला पदार्थ २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून ३ ते ४ दिवसांत संपवतात. हवेचे तापमान ३२ अंशांहून अधिक असल्यास ही मर्यादा १ तासाची असते. त्यामुळे उन्हाळ्यात डब्यासोबत बर्फाची थैली ठेवणे आवश्यक ठरते.